सीबीसीटीत दाताभोवतीचं हाड कसं वाचायचं: खान्देशातल्या नव्या डेंटिस्टांसाठी

इंटर्नशिप संपवून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नुकतंच क्लिनिक टाकलंय किंवा कुणा सीनियरकडे बसायला लागलाय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. आता आपल्या भागातही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन, होतं, शहाद्याचा पेशंट धुळ्याला जातो, रावेर-यावलचा जळगावला येतो, स्कॅन करून संध्याकाळच्या बसने घरी. पण फाइल हातात आल्यावर दाताभोवतीच्या हाडाचं नेमकं काय वाचायचं आणि वाचलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कॉलेजात कुणी शेजारी बसवून शिकवत नाही. इम्प्लांटसाठी उंची-रुंदी मोजणं सगळ्यांना जमतं, पण पेरिओचा (हिरडी-हाडाच्या रोगाचा) दात, हलणारा दात, फर्केशन (दाढेची मुळं जिथं फुटतात तिथलं हाड जाणं) आलं की गाडी अडते.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीभोवती फिरतंय ती आधीच सांगून टाकतो. हाड जाड असेल तिथं सीबीसीटी बऱ्यापैकी खरं बोलतं. हाड कागदासारखं पातळ असेल तिथं ते असलेलं हाडसुद्धा गायब करून दाखवतं. म्हणजे स्कॅनमध्ये दिसलं नाही याचा अर्थ तोंडात नाही असा लावायचा नाही, आणि नेमका तोच अर्थ लावून दात काढले जातात, हे मी भरपूर पाहिलंय.

पायरी १: स्कॅन खरंच लागतोय का?

हिरड्याच्या प्रत्येक पेशंटला सीबीसीटी लिहून द्यायचं नाही. युरोपातल्या सेडेंटेक्ससीटी प्रोजेक्टच्या गाइडलाइन्स २०१२ साली आल्या, त्यात सरळ लिहिलंय की दाताला हाडाचा आधार किती हे बघायला सीबीसीटी रुटीन म्हणून वापरू नये, मात्र इन्फ्राबोनी डिफेक्ट (दाताशेजारी हाडात खोल गेलेला खड्डा) किंवा फर्केशन असेल आणि तपासणी व साध्या एक्सरेतून हवी ती माहिती मिळत नसेल तर निवडक केसमध्ये लहान एफओव्हीचा (एफओव्ही म्हणजे स्कॅनमध्ये येणारा भाग) हाय रेझोल्यूशन स्कॅन चालतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०१७ मध्ये यावर तज्ज्ञ बसवले, त्यांचाही सूर साधारण तोच.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी प्रोब (हिरडीतली खोली मोजायची खुणांची सळई), मग पॅरलल टेक्निकने घेतलेला चांगला आयओपीए (तोंडात सेन्सर ठेवून घेतलेला छोटा एक्सरे), आणि तरीही अडलं तर सीबीसीटी. प्रोबिंग चार्ट न करता स्कॅन लिहिला तर नंतर स्कॅनमधला आकडा कशाशी ताडून बघणार? विल्यम्स प्रोब असेल तर त्यावर ४ आणि ६ ची खूण नसते हे ध्यानात ठेवा, युएनसी १५ मिळाला तर उत्तमच, आणि फर्केशनला नेबर्स प्रोब हवाच. पुष्कळ क्लिनिकमध्ये तोच नसतो आणि स्कॅनला मात्र लगेच पाठवतात.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. गुटख्यामुळे सबम्युकस फायब्रोसिस झालेल्या पेशंटचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, मागच्या दाढेला सेन्सर जातच नाही. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुडी कुठं मिळते ते मात्र पेशंट आपल्यालाच सांगतो.) अशा माणसाला बाहेरून घेता येणारा स्कॅन हे ठोस कारण आहे, ते मागणीच्या चिठ्ठीवर तसंच लिहा.

रेडिएशनच्या डोसबद्दल पेशंट विचारतोच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. त्याच सेडेंटेक्ससीटीच्या कागदात दात-जबड्याच्या सीबीसीटीचा इफेक्टिव्ह डोस ११ ते ६७४ मायक्रोसिव्हर्ट असा दिलाय, ओपीजी (दोन्ही जबड्यांचा सपाट एक्सरे) साधारण ३ ते २४, आणि निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २४०० च्या आसपास मिळतो. ११ आणि ६७४ मधलं अंतर बघा. ते मशीनवर, एफओव्हीवर आणि सेटिंगवर ठरतं, म्हणजे त्यातलं निम्मं तरी तुमच्या चिठ्ठीच्या हातात आहे.

पायरी २: चिठ्ठीवर काय लिहायचं

"सीबीसीटी अप्पर-लोअर" एवढंच लिहून पाठवलं तर सेंटरवाला दोन्ही जबडे मोठ्या एफओव्हीत ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलवर (स्कॅनचा सगळ्यात छोटा घन) काढून देईल आणि त्याचं काही चुकलं नाही, तुम्ही विचारलंच नाही. हाडासाठी असं लिहा: दात नंबर, प्रश्न काय आहे (उदाहरणार्थ २६ चं, म्हणजे वरच्या डाव्या पहिल्या दाढेचं फर्केशन, डिस्टल म्हणजे मागची बाजू), एफओव्ही शक्य तितका लहान, ५ बाय ५ सेंटिमीटर असेल तर तोच, व्हॉक्सेल ०.२ किंवा त्याहून लहान, आणि मशीनमध्ये पर्याय असेल तर पूर्ण ३६० अंशाचं रोटेशन. १८० अंशाच्या रोटेशनमध्ये डोस कमी लागतो, इम्प्लांटच्या अंदाजाला ते पुष्कळ झालं, पण प्रोजेक्शन कमी पडतात आणि पातळ हाडाच्या कडा दाणेदार होतात.

अजून एक ओळ जरूर घाला: "ओठ व गाल हिरडीपासून सुटे ठेवावेत." हे कुणीच लिहीत नाही. ओठ हिरडीला चिकटलेला असला की स्कॅनमध्ये ओठ, हिरडी आणि पातळ हाड सगळं एका करड्या पट्ट्यात जातं. व्हेस्टिब्यूलमध्ये (ओठ-गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत) दोन कॉटन रोल ठेवले किंवा प्लास्टिकचा चीक रिट्रॅक्टर लावला की मध्ये हवा येते, हवा काळी दिसते, आणि हिरडीची बाहेरची कड स्वच्छ सुटून दिसते. मग हिरडी किती जाड आणि तिच्या मागे हाड किती, दोन्ही मोजता येतं. वरचे-खालचे दातही किंचित सुटे असावेत, एकावर एक चावलेले नकोत.

सेंटर निवडताना मशीन ब्रँडेड आहे का यापेक्षा एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आहे का आणि क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी) वेळेवर होतं का, हे विचारा. विचारल्यावर तो चिडला तर दुसरं सेंटर बघा.

पायरी ३: स्कॅनच्या वेळी

हे तुमच्या हातात नसतं, पण पेशंटला आधी सांगून ठेवणं असतं. कवळी, नथ, कानातलं, हेअरपिन काढून जायचं. वरच्या जबड्याच्या स्कॅनला नथ राहिली तर समोरच्या दातांवर पट्टे आलेच समजा. मशीन १० ते २० सेकंद फिरतं आणि तेवढा वेळ आवंढा गिळायचा नाही, जीभ हलवायची नाही. म्हाताऱ्या आप्पा-नानांना हे दोनदा सांगा आणि सोबतच्या पोरालाही सांगा. मे महिन्यात भुसावळच्या उन्हातून धापा टाकत आलेल्या माणसाला थेट मशीनमध्ये उभा करू नका म्हणावं, कूलरसमोर दहा मिनिटं बसू द्या, पाणी पिऊ द्या. अर्धा मिलिमीटर हाड बघायचंय आणि माणूसच एक मिलिमीटर हलतोय, मग कसला हाय रेझोल्यूशन.

पायरी ४: फाइल मागा, फोटो नको

व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर कधीच मोजू नका. फिल्मवर छापलेले कटही सेंटरवाल्याने त्याच्या अंदाजाने घेतलेले असतात, ते त्या दाताच्या अक्षात असतीलच असं नाही. पूर्ण डायकॉम (स्कॅनच्या मूळ फाइलींचं) फोल्डर मागा, पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकने. उघडायला थ्रीडी स्लायसर फुकट आहे, थोडं जड आहे पण काम करतं, रेडियंटही चालतं, सेंटरच्या सीडीवर त्यांचा स्वतःचा व्ह्यूअर असतो तोही चालेल. लॅपटॉप जुना असेल तर लहान एफओव्हीचा अजून एक फायदा, फाइल लवकर उघडते.

पायरी ५: हाड बघायच्या आधी इमेज बघा

पहिली दोन मिनिटं दाताकडे बघायचंच नाही. खालच्या जबड्याची बाहेरची कॉर्टिकल कड बघा. तिथं दुहेरी रेघ दिसतेय का? दिसली तर पेशंट हललाय, आणि या स्कॅनवरून पातळ हाडाबद्दल काही बोलायचं नाही हे तिथंच ठरवून टाका, जाड हाडाचा अंदाज फार तर घ्या. मग धातू बघा. ॲमलगम, पीएफएम (धातूवर पोर्सिलेनचं) क्राऊन, पोस्ट, इम्प्लांट यांच्या आजूबाजूला काळे आणि पांढरे पट्टे येतात. दोन क्राऊनच्या मधला काळा पट्टा हुबेहूब हाड गेल्यासारखा दिसतो आणि तिथं हाड असतं. गट्टापर्चाने भरलेल्या मुळाशेजारीही असाच काळा भास होतो. मशीनमध्ये मेटल आर्टिफॅक्ट कमी करायचं बटण असतं, त्याने चित्र देखणं होतं, पण माहिती परत येईलच असं नाही.

व्हॉक्सेल किती आहे ते डायकॉमच्या माहितीत लिहिलेलं असतं, ते चार्टवर टिपून घ्या. तो आकडा पुढे लागणार आहे.

पायरी ६: दात सरळ करा, मग मोजा

नव्या लोकांचे आकडे इथंच सगळ्यात जास्त बिघडतात. व्ह्यूअर उघडल्यावर जे तीन कट दिसतात ते डोक्याच्या दिशेने असतात, दाताच्या नाही. खालचे पुढचे दात ओठाकडे कललेले असतात, तिरक्या कटवर मोजलं की उंची लांबते आणि जाडी फुगते.

मल्टिप्लॅनरमध्ये असं करा. ॲक्सियलवर (आडव्या कटवर) मुळाच्या साधारण मध्यावर या, क्रॉसहेअर रूट कॅनालच्या ठिपक्यावर ठेवा. सॅजिटलमध्ये (बाजूने दिसणाऱ्या उभ्या कटमध्ये) रेघ फिरवा, ती कॅनालमधून ॲपेक्सपर्यंत (मुळाच्या टोकापर्यंत) गेली पाहिजे. मग कोरोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या उभ्या कटमध्ये) तेच. परत ॲक्सियलवर येऊन रेघ बकल-लिंग्वल (ओठ-गालाकडून जिभेकडे) दिशेला काटकोनात आहे का बघा. हे झाल्यावरच समोरचा कट खरा बकोलिंग्वल कट असतो. दाढेला प्रत्येक मुळासाठी हे वेगळं करायचं, कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता नाही.

स्लाइसची जाडी व्हॉक्सेलएवढीच ठेवा. काही व्ह्यूअर आपोआप १ मिलिमीटरचा सरासरी स्लॅब दाखवतात, हाड वळलेलं असलं की सरासरीत पातळ कड विरघळते. एमआयपी मोड तर या कामाला बंदच ठेवा, तो जाडीतला सगळ्यात पांढरा ठिपका उचलून दाखवतो त्यामुळे हाड आहे त्यापेक्षा भरीव वाटतं. विंडो आणि लेव्हल एकदा ठरवा आणि त्या पेशंटचे सगळे दात त्याच सेटिंगवर वाचा, प्रत्येक दाताला माउस ओढत बसलात तर हाड तुम्हीच वाढवताय आणि तुम्हीच कमी करताय.

मोजायचं सीईजेपासून हाडाच्या कडेपर्यंत, मुळाच्या पृष्ठाला धरून. एनॅमल सगळ्यात पांढरं असतं, ते जिथं संपतं तो सीईजे. निरोगी माणसात हे अंतर साधारण १ ते २ मिलिमीटर. क्राऊन असेल तर सीईजे धातूखाली झाकला जातो, तेव्हा क्राऊनची मार्जिन किंवा ॲपेक्स पकडा आणि तसं लिहून ठेवा. मेसियल (पुढची बाजू), डिस्टल, बकल, लिंग्वल सगळीकडे मोजा, दुसऱ्या दिवशी आधीचे आकडे न बघता परत मोजा. दोन्ही वेळच्या आकड्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक येत असेल तर दोष मशीनला देऊ नका, लँडमार्क पक्का सापडलेला नाही.

पायरी ७: आता खरं, किती भरवसा?

दातांच्या मधलं हाड, म्हणजे इंटरप्रॉक्सिमल, तिथं सीबीसीटी चांगलं आहे पण चांगला आयओपीएही तितकाच चांगला आहे. मिश आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कोरड्या जबड्यांवर मुद्दाम डिफेक्ट तयार करून तुलना केली, तेव्हा इंटरप्रॉक्सिमलला प्रोब, एक्सरे आणि सीबीसीटी यांत म्हणावा असा फरक नव्हता, फरक पडला बकल आणि लिंग्वल डिफेक्टमध्ये, ते साध्या एक्सरेत मोजताच येत नाहीत आणि सीबीसीटीत येतात. म्हणून मधल्या हाडासाठी पेशंटचे पैसे आणि डोस खर्च करू नका. बकल-लिंग्वल भिंत, डिफेक्टला किती भिंती शिल्लक आहेत, फर्केशन आतून किती गेलंय, यासाठी करा.

एक बारीक गोष्ट. असे बरेचसे अभ्यास कोरड्या कवटीवर किंवा कॅडेव्हरवर झालेत. कवटी हलत नाही, आवंढा गिळत नाही, तिला ओठ-गाल नसतात, तिच्या तोंडात चार पीएफएम क्राऊन नसतात. म्हणून पेपरमधली अचूकता आपल्या चोपडा तालुक्यातल्या पेशंटवर तशीच्या तशी उतरत नाही. जिवंत माणसात खरं उत्तर एकच, फ्लॅप उघडून प्रोबने मोजलेलं.

वरच्या दाढांच्या फर्केशनवर मात्र जिवंत पेशंटमध्ये सर्जरीशी ताडून पाहिलंय. वॉल्टर, वाइगर आणि झिट्समान यांचा २०१० चा अभ्यास, १४ पेशंट, २५ वरच्या दाढा. फ्लॅप उघडल्यावर ८४ टक्के ठिकाणी सीबीसीटीची ग्रेड जुळली. जिथं जुळली नाही तिथं बहुतेक वेळा सीबीसीटीने नुकसान कमी दाखवलं होतं, जास्त नव्हे. हे लक्षात राहू द्या, कारण पुढच्या पायरीत बरोबर उलटं घडतं.

वरच्या दाढेत पॅलेटल मूळ एक्सरेवर फर्केशनच्या तोंडावर येऊन बसतं म्हणून आयओपीएत काही कळत नाही. स्कॅनमध्ये ॲक्सियलवर सीईजेपासून एकेक स्लाइस ॲपेक्सकडे सरका, मुळं कुठं सुटतात ते बघा, आणि सुटल्यावर मधल्या जागेत हाड आहे की करडा मोकळा पट्टा. आडवं किती आत गेलंय ते मोजा, ३ मिलिमीटरच्या आत म्हणजे हॅम्पची पहिली डिग्री, त्याहून जास्त पण आरपार नाही तर दुसरी, आरपार गेलं तर तिसरी. त्याच फेरीत मुळं जुळलेली आहेत का, फार जवळ आहेत का तेही बघून घ्या, रूट रिसेक्शनचा विचार करायचा की सोडायचा ते तिथंच कळतं.

पायरी ८: पातळ हाड, म्हणजे खरी परीक्षा

आता आपल्या भागातलं नेहमीचं चित्र. पेशंट शेतकरी किंवा ट्रकवाला, वीस वर्षं तंबाखू-चुना खालच्या ओठात पुढच्या दातांसमोर धरून ठेवलेला. बिन धुराच्या तंबाखूने नेमकी जिथं गोळी बसते तिथली हिरडी खाली सरकते, ३१, ४१ च्या (खालच्या मधल्या दोन दातांच्या) बकल बाजूला मुळं उघडी. तोच पेशंट विचारतो, "डाक्टर, हाड शे का नही ते सांगा." आणि प्रश्न ज्या जागेचा आहे ती जागा सीबीसीटीसाठी सगळ्यात अवघड, कारण खालच्या पुढच्या दातांची बकल प्लेट निरोगी तोंडातही बऱ्याचदा १ मिलिमीटरपेक्षा पातळ असते, कुठं कुठं अर्ध्यापेक्षाही.

का अवघड ते नीट समजून घ्या. स्कॅन म्हणजे छोटे छोटे घन, व्हॉक्सेल. प्रत्येक घनाला एकच करडी छटा मिळते. घनात अर्धं हाड आणि अर्धी हिरडी आली तर छटा त्यांची सरासरी, जसं दुधात पाणी घातलं की ना दूध ना पाणी. ०.४ मिलिमीटरची प्लेट ०.३ च्या व्हॉक्सेलमध्ये पकडायची म्हटली तर कुठलाच घन पूर्ण हाडाने भरेल याची खात्री नाही, त्यात स्कॅटर, नॉइज आणि पेशंटची हालचाल. म्हणून व्हॉक्सेल ०.३ आहे म्हणजे ०.३ पर्यंतचं दिसतं असं नव्हे, दोन वस्तू वेगळ्या दिसायला निदान दोन व्हॉक्सेलएवढं अंतर लागतं आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

दुसरी बाजू पीडीएलची. मूळ आणि प्लेट यांच्यात लिगामेंटची जागा साधारण ०.२ मिलिमीटर. ती रेघ दिसली तर आपल्याला कळतं की अलीकडे मूळ, पलीकडे हाड. व्हॉक्सेल मोठा असला की ती रेघच नाहीशी होते, प्लेट मुळाला चिकटते आणि दोन्ही मिळून एक पांढरा पट्टा. मग वाचणारा तो सगळा पट्टा मूळ समजतो आणि लिहितो, बकल बोन ॲबसेंट. हाड गेलेलं नसतं, मुळात विलीन झालेलं दिसत असतं.

आणि थ्रीडी मॉडेल, ज्याला पेशंट भुलतात आणि आपणही. ते मॉडेल थ्रेशोल्डवर बनतं, एका ठराविक छटेच्या वरचं सगळं हाड, खालचं सगळं हवा. पातळ प्लेटची छटा सरासरीत उतरलेली असते, ती थ्रेशोल्डखाली जाते आणि मॉडेलमध्ये तिथं भोक पडतं. डिहिसन्स (कडेपासून खाली हाड नसणं) आणि फेनेस्ट्रेशन (हाडाच्या मध्येच खिडकी) दिसायला लागतात जे तोंडात नसतात. स्लायडर थोडा खाली ओढा, भोक भरून येतं. एवढं बघितलं की त्या चित्रावर मोजमाप करायची इच्छाच उरत नाही. एका ठिकाणी असंच रंगीत मॉडेल फिरवून दाखवत चांगल्या धरलेल्या खालच्या चार दातांना "हाडच नाही, काढून इम्प्लांट करा" म्हणून सांगितलेलं होतं, पेशंट फाइल घेऊन माझ्याकडे आला, दात जागेवर घट्ट, खोल पॉकेट नाही, रिसेशन (हिरडी खाली सरकणं) तेवढं होतं.

मग करायचं काय? एक उदाहरण आकड्यांनी घेऊ. समजा ३१ ची बकल बाजू. रिसेशन २ मिलिमीटर, प्रोबिंग डेप्थ २, म्हणजे सीईजेपासून अटॅचमेंट लॉस ४. प्रोबचं टोक थांबतं तिथून हाड अजून १ ते २ मिलिमीटर खाली असतं, मधल्या तंतूंमुळे, म्हणजे हाडाची कड सीईजेपासून ५ ते ६ वर अपेक्षित. सीबीसीटीत ०.२ च्या व्हॉक्सेलवर कड दिसतेय ७ वर. आता दोन शक्यता. एक, कडेजवळची प्लेट पातळ होत गेलीय आणि शेवटचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर स्कॅनला दिसतच नाहीये. दोन, खरंच डिहिसन्स आहे आणि तिथं हाडाशिवायच तंतूंची अटॅचमेंट धरून आहे, असंही असतं, प्रोब उथळ जातो आणि खाली हाड नसतं. नुसता प्रोब याचा निवाडा करत नाही आणि नुसता स्कॅनही करत नाही.

निवाडा करतं बोन साउंडिंग. लोकल भूल द्या, प्रोबचं टोक हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत दाबा, सीईजेपासूनचं अंतर वाचा. ५.५ आलं तर प्लेट आहे आणि स्कॅनने खाल्लीय. ७ आलं तर स्कॅन बरोबर. दोन मिनिटांचं काम, डोस शून्य, आणि ऑर्थोचा पेशंट असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण याच प्लेटच्या भरवशावर ऑर्थोडॉन्टिस्ट दात पुढे ढकलणार असतो.

उलट बाजूही सांगतो. स्कॅनमध्ये पीडीएलची काळी रेघ स्वच्छ दिसतेय आणि तिच्या बाहेर अखंड पांढरी कड आहे, तर तिथं हाड आहे असं बिनधास्त म्हणा.

पायरी ९: जे स्कॅन सांगतच नाही

हाडाची घनता एचयूमध्ये लिहू नका. मेडिकल सीटीत हाउन्सफिल्ड युनिट असतात, सीबीसीटीतली ग्रे व्हॅल्यू मशीनप्रमाणे, एफओव्हीप्रमाणे, अगदी एकाच स्कॅनमध्ये जागेप्रमाणे बदलते. सॉफ्टवेअर आकडा दाखवतं म्हणून तो खरा होत नाही.

रोग आत्ता चालू आहे की थांबलाय हेही स्कॅन सांगत नाही, जे झालं ते दाखवतो. त्यासाठी ब्लीडिंग, पस, मोबिलिटी बघा, शुगर विचारा, आणि बिडी-सिगारेटवाल्यात ब्लीडिंग दबलेलं असतं तेही धरा. स्टेज ठरवतानाही, २०१७ च्या वर्ल्ड वर्कशॉपचं वर्गीकरण आधी दातांच्या मधल्या अटॅचमेंट लॉसवर चालतं आणि एक्सरेतलं हाड टक्क्यात बघतं, १५ टक्क्यांच्या आत, १५ ते ३३, आणि त्यापुढे. बकल प्लेटच्या भोकावरून स्टेज चढवायची नाही.

पायरी १०: रिपोर्टमध्ये काय लिहायचं

छोटं आणि प्रामाणिक. व्हॉक्सेल, एफओव्ही, हालचाल किंवा धातूचा त्रास असेल तर तो, मग दातनिहाय. "२६, डिस्टल फर्केशन आडवं सुमारे ४ मिलिमीटर, आरपार नाही, बकल प्लेट अखंड." "३१, बकल कड सीईजेपासून सुमारे ७ मिलिमीटरवर दिसते, प्लेट पातळ असल्याने प्रत्यक्ष कड याहून वर असू शकते, साउंडिंगने खात्री करावी." व्ह्यूअर ६.८७ असा आकडा देतं, तुम्ही ७ लिहा, दशांशाच्या दोन जागा लिहायची त्या यंत्राची ऐपत नाही. हाड "नाही" ऐवजी "या रेझोल्यूशनवर दिसत नाही" असं लिहायची सवय लावून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे हा कागद जातो तेव्हा त्या एका वाक्यावर दात राहतो किंवा जातो.

एफओव्हीत दाताशिवाय जे जे आलंय ते पण बघून जा, सायनसची भिंत, ॲपेक्सवरचं सावट. दाढ हलतेय म्हणून हाड मोजायला आलात आणि मूळ उभं चिरलेलं निघालं असंही होतं.

पायरी ११: परत स्कॅन कधी

ग्राफ्ट केलं किंवा फ्लॅप केला की तीन महिन्यांत परत स्कॅन करून "हाड आलं का" बघायची घाई नको. नवं हाड पांढरं दिसायला सहा-नऊ महिने सहज जातात, आणि ग्राफ्टचे दाणे स्वतःच पांढरे असतात, ते हाड नव्हे. एरवी प्रोब आणि आयओपीएवर फॉलोअप चालतो. करायचाच झाला तर तेच मशीन, तोच व्हॉक्सेल, तोच एफओव्ही आणि दात परत त्याच पद्धतीने सरळ करून. आधीचा स्कॅन ०.४ वर आणि नंतरचा ०.१५ वर असेल तर बकल प्लेट "उगवलेली" दिसेल आणि ती तुमच्या सर्जरीने उगवलेली नसेल. म्हणून जुनं डायकॉम फोल्डर पेशंटच्या नंबरने जपून ठेवा, सेंटरवाले वर्षानुवर्षं ठेवतीलच असं नाही, आणि पेशंटच्या हातातली सीडी पुढच्या वेळी निम्म्या वेळा घरीच राहिलेली असते.